वाढीचा रकाना

सूरमध्ये साडेअकरा, म्हणजे तिकडे एक.
निकाल तिकडून येतो, घाम इकडे.
बाहेर चव्वेचाळीस, आत एसी गुरगुरतो,
आणि पडद्यावरचं ते गोल फिरणारं चाक
प्रिन्सिपल सरांच्या जपमाळेसारखं
सरकत राहतं, कुठे पोचत नाही.

मी ऑफिसातली मिस. फिया घेते, दाखले देते,
हरवलेल्या पाण्याच्या बाटल्या कपाटात जपते.
वर्षातून एकदा मात्र
अख्खी दहावी माझ्या बोटांतून जाते.
एक्केचाळीस पोरं, रोल नंबरांच्या रांगेत,
प्रार्थनेला उभी असावीत तशी,
फक्त कुणी चुळबुळ करत नाही.

"किती पडले?" दारातून कुणी विचारतं.
आमच्या भाषेत मार्क पडतात.
रात्र रात्र जागून मिळवले, तरी पडतात.
खजुरासारखे, पिकले की.
काहींचे न पिकताच, वाऱ्याने.

मंडळाला संध्याकाळपर्यंत तक्ता हवा:
मागची वार्षिक, ही बोर्डाची,
आणि तिसरा रकाना, "वाढ".
एकातून एक वजा केलं की वाढ निघते,
याचं मला अजून हसू येतं.

जितिन कुरुप. सत्त्याण्णव होते, सत्त्याण्णव आहेत.
फोटो उद्या फाटकावर, फ्लेक्स छापायला गेलासुद्धा.
वाढ: शून्य.
दोनदा तपासलं. शून्यच.
मागे अर्जावर सही करताना पाहिली होती त्याची बोटं,
नखं कुरतडून कुरतडून बोथट झालेली.

नवाल हमदुले. एकतीस. आता अठ्ठावन्न.
हिचे वडील दापोलीकडचे, पहाटे तीनला
सुरमईच्या लिलावात उभे असतात,
आणि ही बाहेर पिकअपमध्ये, छतावरच्या पिवळ्या दिव्याखाली,
मांडीवर वही.
"बर्फ वितळायच्या आत गणित सुटायला हवं, मिस,
मग अब्बांना गाडी लागते."
सत्तावीस!
नऊ त्रिक सत्तावीस.
म्हणायला किती सोपं.

मग आला ऑस्विन परेरा. बासष्टचे सत्तावन्न.
यंत्राने चौकट लगेच लाल केली,
चुगलखोर पोरासारखी, कुणी न विचारता.
त्याला काय ठाऊक,
जानेवारीपासून आई मस्कतच्या इस्पितळात,
धाकट्या दोघांचे डबे हाच भरायचा,
आणि फी भरायला यायचा स्वतः,
सुटे बैसे पुन्हा पुन्हा मोजून.
आकडा मी बदलला नाही. आकड्याशी खोटं बोलू नये.
लाल तेवढा पुसला.

माझे म्हणाल तर, लांज्याच्या शाळेत
गणितात पस्तीस. त्यातला एक ग्रेसचा.
बाबांनी अर्धा किलो पेढे आणले,
सुरीने अर्धे अर्धे केले,
आणि "किती पडले?" विचारणाऱ्याला
"तोंड उघड आधी" म्हणत पुढे गेले.

दुपारी फाटकावरचा सुवैलिमचाचा
हलव्याचा डबा घेऊन आत आला.
जुना जहाजसुतार. त्यांच्या वेळी म्हणे
कागदावर नकाशा नसायचा,
फळीचा बाक डोळ्यांनीच धरायचा.
पडद्याकडे त्याने पाहिलं, न पाहिल्यासारखं.
"सब बच्चा बडा हो गया," म्हणाला,
"पॅन्ट देखो, सबका छोटा."
रोज सकाळी सात वाजता
तो घोट्यांकडे बघत उभा असतो,
हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

केशर, गुलाबपाणी, डब्याला चिकटलेला बदाम. चमचा एकच.
दाराशी नवाल, तिच्यामागे जितिन,
आणि पार शेवटी, यावं की न यावं अशा बेतात, ऑस्विन.
चाचाने चमचा माझ्या हातात दिला.
पडद्यावर रकान्याचं नाव तसंच उघडं होतं,
घरच्या पंगतीत कुणी हाक मारावी तसं:
वाढ.

मी वाढायला घेतलं.
शेवटून.